भाजीचा वाटा मजुराच्या घरालाही परवडावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, बीड, धाराशिव, परभणीकडून येणारे प्रश्न साधारण सारखेच असतात. काही प्रश्न वाटा घेऊ इच्छिणाऱ्या घरांचे, काही भाजी पिकवणाऱ्यांचे आणि काही असा गट उभा करू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांचे. इथं तिघांची उत्तरं एकत्रच दिली आहेत, कारण एकाची सवलत ही बहुतेक वेळा दुसऱ्याची अडचण असते. आकडे जिथं 'समजा' म्हणून दिलेत, ते हिशेब कळावा म्हणून आहेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला.

भाजीचा वाटा म्हणजे नेमकं काय?

एक शेतकरी कुटुंब, किंवा पाच-सात शेतकरी बाया मिळून, ठरलेल्या चाळीस-पन्नास घरांसाठी हंगामभराची भाजी लावतात. घरं आधी शब्द देतात, पैशाचं ठरतं, आणि दर आठवड्याला रानात जे निघेल त्यातला वाटा घरी येतो. मधे आडत्या नाही, हमाली-तोलाई नाही, न खपलेली मेथी बाजारात टाकून मोकळ्या हातानं परतायची पाळी नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात शेतकरी आणि शहरी गृहिणींनी 'तेईकेई' नावानं हे सुरू केलं. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्समधलं इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधलं टेम्पल-विल्टन या दोन शेतांपासून सुरुवात झाली. आपल्याकडं वर्षाची ज्वारी ओळखीच्याच शेतकऱ्याकडून भरून ठेवायची सवय जुनी आहे. तोच व्यवहार भाजीचा, एवढंच.

मग हे पैसेवाल्यांचंच काम होऊन बसतं, असं का म्हणतात?

कारण मूळ पद्धतीत हंगामाचे सगळे पैसे सुरुवातीलाच द्यायचे असतात. शेतकऱ्याला बी, रोपं, मजुरी यासाठी पैसा पेरणीआधी लागतो, म्हणून ती पद्धत पडली. शिक्षकाच्या किंवा बँकेतल्या माणसाच्या घरी सहा हजार रुपये एकदम निघतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या, रिक्षावाल्याच्या, बिगारी काम करणाऱ्याच्या घरी निघत नाहीत. आठवड्याला दीडशे-दोनशे रुपये भाजीवर ते घरही खर्च करतंच. म्हणजे अडचण दरापेक्षा पैसे कधी मागता याची जास्त आहे. हे ओळखलं नाही की लोक थेट दर पाडायला लागतात आणि सगळं बिनसतं.

अमेरिकेतही हीच गाठ होती. तिथं गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत एका कार्डावर मिळते, पण ती हातात माल न घेता आगाऊ खर्च करता येत नसे. २०१४ च्या शेती कायद्यानं अशा शेतवाट्यांसाठी माल मिळण्याच्या १४ दिवस आधीपर्यंत पैसे घेण्याची मुभा दिली. सहा महिन्यांचे आगाऊ पैसे मागणाऱ्या शेतांना मग हप्ते दोन आठवड्यांवर आणावे लागले.

शेतकऱ्यानं गरिबांना भाव कमी लावला की झालं, नाही का?

नाही. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत चांगल्या मनानं विचारला जातो, म्हणून सरळ सांगतो. मराठवाड्यातला दोन-अडीच एकरवाला कोरडवाहू शेतकरी हा स्वतःच त्या कमी उत्पन्नाच्या यादीत बसतो. त्याच्या बोअरला उन्हाळ्यात पाणी राहत नाही, त्याच्या लेकीच्या कॉलेजची फी थकलेली असते. त्यानं सवलत द्यायची म्हणजे एका मजुराच्या ताटातली भाजी दुसऱ्या मजुराच्या कष्टातून काढायची. सवलत सगळ्या गटानं मिळून द्यायची असते. शेतकऱ्याचा दर ठरला की तो हंगामभर हलवायचा नाही, हा आमच्या मते एकमेव न मोडण्याजोगा नियम आहे. बाकी सगळं गावागणिक बदलू द्या.

मग फरक कोण भरतं?

तीन ठिकाणांहून येतो.

पहिलं म्हणजे वाटा घेणारी घरंच. समजा ४० वाटे आहेत, हंगाम २६ आठवड्यांचा आहे आणि एकूण खर्च २,६०,००० रुपये आहे. वाट्याला ६,५०० रुपये, म्हणजे आठवड्याला २५० पडतात. आता दहा घरांनी ३५० दिले, वीस घरांनी २५० आणि दहा घरांनी १५०, तरी आठवड्याची बेरीज तीच, दहा हजार. शेतकऱ्याला एक रुपया कमी गेला नाही आणि माल सगळ्यांना सारखाच गेला. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये होती. त्या मापानं २५० चा वाटा म्हणजे जवळपास एका दिवसाची मजुरी आणि १५० चा वाटा म्हणजे अर्धा रोज. हा फरक घरात जाणवतो. शेतात बाईचा रोज गड्यापेक्षा कमी, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं ठिकाण खानावळी आणि मेस. लातूरसारख्या शहरात बाहेरगावची हजारो पोरं शिकायला असतात, त्यांच्या मेसला रोज भाजी लागते. गटानं अर्धा एकर जास्तीचा लावून त्यातला माल मेसला बाजारभावानं रोखीत द्यावा. आडत आणि हमाली वाचते, ती शिल्लक गटाच्या मदतनिधीत, म्हणजे अडलेल्या घरांसाठी ठेवलेल्या पैशात, टाकावी. देणगी मागत फिरण्यापेक्षा हे बरं, आणि दर वर्षी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही.

तिसरं म्हणजे देणगी. लग्नाचा वाढदिवस, आईवडिलांचं वर्षश्राद्ध, मुलीची नोकरी लागली, अशा निमित्तानं एखादं घर एक अख्खा वाटा दुसऱ्या घरासाठी भरतं. घ्यावी, पण तिच्यावर हंगाम उभा करू नये. देणगीदाराचा फोटो वाटा घेणाऱ्या घराबरोबर काढू नये, हेही आलं.

कुणी किती द्यायचं हे ठरवतं कोण?

टेम्पल-विल्टनच्या शेतानं पहिल्यापासून ठरावीक किंमत ठेवलीच नाही. वर्षाचा खर्च सगळ्यांपुढं मांडायचा आणि प्रत्येक घरानं आपल्याला जमेल तो आकडा सांगायचा, बेरीज खर्चाइतकी झाली की बैठक संपली. जर्मनीतल्या अनेक सामूहिक शेतांतही ही बोलीची पद्धत रुळली आहे. आपल्याकडं ती चिठ्ठीनं करावी. भिशीला बसलेल्या बायांना चिठ्ठ्या नव्या नाहीत.

बैठक जूनमध्ये, मृगाच्या आधी घ्या. फळ्यावर खर्च लिहा: मेथी-पालकाचं बी, मिरची-वांग्याची रोपं, ठिबकच्या फुटलेल्या नळ्या, निंदणी-खुरपणी, वीजबिल, टेंपोचं भाडं, पिशव्या. शेवटची ओळ शेतकरी कुटुंबाच्या स्वतःच्या मजुरीची. ती ओळ लिहायला शेतकरी स्वतःच लाजतो. 'घरचंच हाय की, त्याचं काय मोजता' म्हणतो. ती लिहायला लावा, आणि घरातल्या बाईचे दिवस वेगळे मोजा. ते मोजले की फळ्यापुढं बसलेल्यांचे चेहरे बदलतात. तोवर २५० रुपये महाग वाटत असतात.

मग प्रत्येकानं कोऱ्या चिठ्ठीवर आठवड्याला देऊ शकतो तो आकडा आणि खुणेसाठी आपला वाटा क्रमांक लिहायचा, नाव लिहायचं नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी आधीच छापलेल्या तीन रंगांच्या चिठ्ठ्या ठेवा. बेरीज मोठ्यानं वाचायची, एकेक आकडा वाचायचा नाही. समजा २,६०,००० ऐवजी २,४१,००० च जमले. १९ हजार कमी पडले, म्हणजे घरामागं आठवड्याला सरासरी १८-१९ रुपये. हे फळ्यावर लिहा आणि दुसऱ्यांदा चिठ्ठ्या फिरवा. एवढे थोडे पैसे वाढवले तर गाडी मार्गी लागते, हे कळल्यावर ज्याला शक्य आहे तो वाढवतो. दुसऱ्या फेरीतही जमलं नाही तर वाटे कमी करा किंवा पिकं बदला. तिसरी फेरी घेऊ नका, ती सक्ती होते.

कमी दराच्या वाट्यासाठी रेशनकार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला दाखवावा लागतो का?

आमचं मत: मागू नये. पिवळं, केशरी, पांढरं ही कार्डं कधी काळी दिलेली असतात. केशरी कार्ड असलेल्या घरातला कमावता माणूस मागच्या वर्षी अपघातात गेलेला असतो, आणि पिवळं कार्ड असलेल्याचं पोरगं आज पुण्यात कमावतं. तहसीलचा दाखला काढायला बाईचा एक रोज बुडतो, तोच तिचा दोन आठवड्यांच्या वाट्याचा पैसा. 'मग कुणीही खोटं सांगेल' हा आक्षेप येतो. येणारच. चाळीस घरांच्या गटात लोक एकमेकांना ओळखतात, आणि शेजाऱ्यापुढं गरीब म्हणून नाव लागायची हौस कुणाला नसते. उलट ज्यांना खरंच गरज आहे तीच घरं संकोचानं मोठा आकडा लिहितात. तिकडं लक्ष ठेवा. गटातल्या एखाद्या समजूतदार बाईनं त्यांना बाजूला घेऊन 'ताई, दीडशे लिहा, कुणी विचारत नाही' म्हणावं लागतं.

रोज कमवून रोज खाणाऱ्यानं पैसे कसे भरायचे?

वाटपाच्या दिवशी, रोख किंवा फोनवरून, आठवड्याचे आठवड्याला. वाटपाचा दिवसही मजुरीच्या दिवसावर ठेवा. बऱ्याच गावांत मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी हातात येते, कारण मालकालाही बाजार करायचा असतो. वाटप त्याच संध्याकाळी ठेवलं तर पैसे असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवलं तर ते किराणा दुकानाच्या उधारीत गेलेले असतात.

पण शेतकऱ्याला पेरणीआधी लागणारा पैसा? तो पगारदार घरांच्या आगाऊ रकमेतून उभा करा. ज्यांनी ३५० चा आकडा लिहिला, त्यातल्या काहींना पूर्ण हंगामाचे ९,१०० रुपये आधी देणं जमतं. अशी काही घरं निघाली तरी बी-रोपांचा आणि पहिल्या मजुरीचा खर्च सुटतो. बचत गटाचं अंतर्गत कर्जही कामाला येतं. ते हंगामाच्या शेवटच्या दोन महिन्यांत फेडायचं ठरवा, सुरुवातीला नाही.

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये खात्यात येतात, त्यातून हप्ता कापून घ्या, असं काही जण सुचवतात. करू नका. एक तर ते पैसे ठरल्या तारखेला येतील याची खात्री नसते. दुसरं म्हणजे ते त्या बाईचे आहेत, तिच्या हातात राहू द्या.

हप्ता चुकला तर?

दोन आठवडे वाटा तसाच द्या आणि वहीत लिहा. तिसऱ्या आठवड्यात घरी जाऊन विचारा. बहुतेक वेळा दवाखाना निघतो. तेवढे आठवडे मदतनिधीतून भरा आणि पुस्तक मिटवा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाकीदारांची यादी टाकायची नाही, कितीही राग आला तरी. ज्या गटानं ती टाकली त्याची गरीब घरं पुढच्या हंगामात येत नाहीत, आणि न येण्याचं कारणही सांगत नाहीत.

पैशाऐवजी काम केलं तर वाटा मिळेल का?

इतर देशांत ही पद्धत बरीच आहे. आठवड्याला काही तास शेतात काम करा आणि वाटा कमी पैशात किंवा फुकट न्या. मराठवाड्यात आम्ही याला घाबरत घाबरत हो म्हणतो. इथं कष्टाच्या बदल्यात धान्य घेण्याचा इतिहास बलुत्याचा आणि सालगड्याचा आहे. वर्षभर राबायचं आणि खळ्यावर पदरात पडेल ते न्यायचं, हे ज्यांच्या आजोबांनी भोगलं त्या घरातल्या बाईला 'खुरपायला ये, भाजी ने' म्हणणं आणि बँकेतल्या साहेबांना 'रविवारी शेतावर या, मजा येईल' म्हणणं एकसारखं नाही.

म्हणून तीन गोष्टी पाळा. कामाचा दर चालू मजुरीइतका धरा आणि रोख द्या. त्या रोखीतून वाटा घ्यायचा की नाही हे तिनं ठरवावं. काम गरीब घरांपुरतं ठेवू नका, निवडणं, जुड्या बांधणं, तोलणं याची पाळी सगळ्या घरांवर फिरवा, डॉक्टरांच्या घरावरही. आणि ज्याला पाळी जमत नाही त्याला दंड लावू नका.

बाजारापेक्षा स्वस्त पडतं का? खरं सांगा.

कायम नाही. डिसेंबर-जानेवारीत आठवडी बाजारात टोमॅटो, कोबी, मेथी मातीमोल होते. त्यात मजुरांची घरं बाजार उठायच्या वेळी जातात, तेव्हा भाजीवाली उरलेल्या मालाचे ढीग लावून दहा-दहा रुपयांत काढते. त्या भावाशी कुणाचाच वाटा टिकणार नाही आणि टिकू नये, कारण त्या भावात शेतकऱ्याची काढणीसुद्धा निघत नाही. उलट जुलै २०२३ आठवा, टोमॅटो शंभराच्या वर गेला होता आणि कैक घरांत आमटीत चिंच-आमसुलावर काम भागलं. वाट्याचा दर तेव्हाही तोच राहतो. सहा महिन्यांची सरासरी काढली तर वाटा साधारण बाजाराच्या आसपास येतो. खरा फायदा दर माहीत असण्याचा आहे. ज्या घरात पैसे मोजून येतात तिथं, आपली भाजी दीडशेचीच, हे आधी माहीत असणं मोठं असतं.

वाट्यात काय येतं? आणि ज्यांच्याकडं फ्रिज नाही त्यांनी काय करायचं?

लोक रोज खातात ते यायला हवं. मिरची, कोथिंबीर, लसणाची पात, वांगी, टोमॅटो, गवार, दोडका, भेंडी, भोपळा. पालेभाजीत मेथी, पालक, शेपू, चुका, अंबाडी, करडईची कोवळी भाजी, तांदुळजा. ब्रोकोली आणि झुकिनी लावायचा मोह होतो, कारण पैसेवाल्या घरांना त्या हव्या असतात. त्यांच्यासाठी वेगळी पिशवी वाढीव पैशात करा, सगळ्यांच्या वाट्यात घालू नका. कमी दर भरणाऱ्या घरात ती भाजी शिजवायला तेल जास्त लागतं आणि लेकरं ताटात तशीच ठेवतात.

फ्रिजचा प्रश्न खरा आहे. पाच किलोच्या वाट्यात तीन जुड्या पालेभाजी दिली तर दुसऱ्या दिवशी ती पिवळी पडते. म्हणून पालेभाजी एक किंवा दोनच जुड्या, बाकी टिकणारा माल. शक्य असेल तिथं आठवड्यातून दोनदा छोटं वाटप करा. टेंपोचं भाडं वाढतं, पण फेकून द्यायचा माल कमी होतो.

वाटपाच्या टेबलापाशी एक रिकामी क्रेट ठेवा, अदलाबदलीची. ज्याला दुधी नको त्यानं दुधी टाकावा आणि त्यातलं दुसरं काही उचलावं. पहिल्या दोन आठवड्यांत ही क्रेट दुधीनंच भरते. मग कुणीतरी दुधीचे धपाटे कसे करायचे ते सांगतं आणि दुधी उचलला जातो. कारल्याचं मात्र काही खरं नाही.

पाच किलोत चार माणसांचं भागतं का?

नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात माणशी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्यात पालेभाजीही आली. चार माणसांना आठवड्याला ११ किलोच्या वर. वाटा त्याच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण ज्या घरात आठवड्यातले चार दिवस वरण आणि ठेच्यावर निघतात, तिथं पाच किलोनं फरक पडतो. मोठा वाटा घेण्याची सक्ती करू नका, एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी अडीच किलोचा अर्धा वाटा ठेवा.

आमचं घर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. आम्ही वाटा कसा घ्यायचा?

बीडकडून आणि शेजारच्या तालुक्यांतून हा प्रश्न येतो, आणि इतर ठिकाणांहून उचललेल्या नियमावल्या इथं कुचकामी ठरतात. आपल्याकडं भाजी भरपूर असते ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी. नेमकं त्याच काळात कोयता घेऊन घर कारखान्यावर असतं आणि गावात उरतात म्हातारी आणि कधी शाळेतली लेकरं. त्यामुळं अशा घरांसाठी हंगाम दोन तुकड्यांत धरा. जुलै ते दिवाळी पूर्ण वाटा, दिवाळीनंतर मागं राहिलेल्यांसाठी अर्धा वाटा. अर्ध्या वाट्याचे पैसे मुकादमाकडून उचल मिळते त्याच दिवसांत आगाऊ घेतले तर घराला सोपं जातं, कारण तेव्हाच हातात एकरकमी पैसा असतो. पण उचलीतून पैसे घेताना विचार करा. ती उचल म्हणजे कर्जच आहे आणि ती फेडायला माणसं सहा महिने तोडणार आहेत. ज्या घरात ती आधीच दवाखान्यात किंवा लग्नात गेली, त्याचा अर्धा वाटा मदतनिधीतून द्या. म्हातारीनं पिशवी न्यायला यावं अशी अपेक्षा ठेवू नका. शेजारची शाळकरी पोरगी नेऊन देते.

पाऊस गेला, गारपीट झाली, तर पैसे बुडतात का?

वाटा घेणं म्हणजे शेतकऱ्याची जोखीम वाटून घेणं, असं या कल्पनेत गृहीत आहे. पण हातावर पोट असणाऱ्या घरानं जोखीम वाटून घ्यायची म्हणजे एक वेळ उपाशी राहायचं. मराठवाड्यात जोखीम कागदावरची नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी उभी रब्बी झोपवली. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीनं शेतं मातीसकट वाहून नेली.

म्हणून जोखीमही आकड्याप्रमाणं वाटा. पूर्ण किंवा वाढीव दर भरणाऱ्यांनी नुकसान सोसायचं, कमी दर भरणाऱ्यांचा वाटा मात्र पक्का. भाजी नसेल तर त्यांना तेवढ्या किमतीची तूर किंवा हरभरा डाळ द्यायची. लातूर परिसरात डाळमिलांची कमतरता नाही आणि डाळ साठवून ठेवता येते. हंगामाच्या सुरुवातीलाच मदतनिधीतून दीड-दोन क्विंटल डाळ भरून ठेवली की मार्चमध्ये धावाधाव होत नाही.

सरकारकडून काही मदत मिळते का?

भाजीच्या वाट्यासाठी म्हणून थेट काही नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ खाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. भाजी त्यात बसत नाही. मराठवाड्यातले आठही जिल्हे धरून राज्यातल्या १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात पैसे मिळतात. २०२३ मध्ये ते माणशी महिन्याला १५० रुपये ठरले, पुढं १७० झाले. काही गटांना वाटतं की ते वाट्याकडं वळवावेत. आमचा सल्ला असा की त्यावर डोळा ठेवू नका, तो त्या घराच्या ज्वारी-गव्हाचा पैसा आहे.

अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये २००९ साली सुरू झालेल्या एका कार्यक्रमात सरकारी कार्डावर भाजी-फळं घेतली की तेवढ्याच रकमेची आणखी भाजी मिळते. ग्रामपंचायतीनं किंवा नगरपरिषदेनं आपल्या निधीतून असं काही करावं, ही मागणी ग्रामसभेत मांडायला हरकत नाही. मंजूर होईल तेव्हा होईल.

यासाठी परवाना लागतो का?

जुलै २०१६ मध्ये राज्यानं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. शेतकऱ्यानं थेट घरी भाजी देण्यात बाजार समितीची अडचण नाही. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ (रेशनचा नव्हे, खाद्यपदार्थ विक्रीच्या नियमांचा) शेतकऱ्याला आणि त्याच्या रानातल्या मालाला लागू होत नाही. पण लोणचं, मसाला, पीठ करून विकायला लागलात की नोंदणी करावी लागते.

भाजी सेंद्रिय असते का?

शेतकऱ्याला विचारा, पिशवीवर छापू नका. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्राची सक्ती नाही. तरी जे केलं नाही ते सांगू नये. फवारणी केली तर कोणती आणि कधी, हे वाटपाच्या फळ्यावर लिहिलं की पुरे. सेंद्रियच्या नावाखाली दर वाढवून वाटा पुन्हा पैसेवाल्यांचा करणं, हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात लाडका घसरणीचा रस्ता आहे.

खर्च कमी करायचा तर बियाण्याकडं बघा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली 'परभणी क्रांती' भेंडी हा सरळ वाण आहे. पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देतो आणि त्याचं बी घरी धरता येतं. मेथी, चुका, अंबाडी, गवार, वाल यांचंही बी घरचं चालतं. दर वर्षी पाकिटं विकत घेणं निम्म्यावर आलं तरी हंगामाच्या खर्चात दिसतं.

यानं हातगाडीवाल्या आणि बाजारात बसणाऱ्या बायांच्या पोटावर पाय येत नाही का?

येऊ शकतो. चाळीस घरांनी मोठा फरक पडत नाही, चारशेंनी पडेल. बागवान आणि माळ्यांची कितीतरी घरं या धंद्यावर आहेत, आणि त्यांचंही उत्पन्न काही जास्त नाही. ज्या गल्लीत वाटप करायचं तिथल्या भाजीवालीलाच वाटपाचं काम द्या. तोलायचा हात तिचा आपल्यापेक्षा बरा असतो, आणि न नेलेला माल ती त्याच संध्याकाळी विकून टाकते.

वाटप कुठं करावं?

सगळ्यांना न संकोचता जाता येईल अशा ठिकाणी. देवळाचा पार सोयीचा वाटतो, पण गावातल्या प्रत्येक घराला तिथं तितकंच मोकळं वाटतं का, हे गावालाच माहीत असतं. सरपंचाचा वाडा तर नकोच. शाळेचं मैदान, अंगणवाडी, समाजमंदिर, बसथांब्याजवळची शेड यांपैकी काहीही चालेल. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, कामावरून परतलेल्यांना गाठता येईल अशी. पिशव्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या, वर फक्त क्रमांक. कुणी किती भरतं ते वही सांभाळणाऱ्या एका माणसालाच माहीत असावं. ती वही शक्यतो गटाबाहेरच्या माणसाकडं द्या, शाळेतल्या एखाद्या मॅडमकडं.

भाजी लावणारे शेतकरी कुठून मिळवायचे?

आधी बायांना विचारा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात उभ्या राहिलेल्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-धाराशिवकडं एक एकर शेतीची पद्धत रुजवली. घरच्या जमिनीतला एक एकर बाईनं आपल्या हाती घ्यायचा, त्यात आधी खायची पिकं आणि भाजी लावायची, मग उरलेलं विकायचं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. अशी एक एकरवाली बाई सोयाबीनच्या वीस एकरवाल्यापेक्षा वाट्याला जास्त योग्य. तिला आधीपासून दहा प्रकारची पिकं एकत्र सांभाळायची सवय असते. सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल तर पैसे तरी तिच्या खात्यात जातील, एवढं लिहून घ्या.

उन्हाळ्यात काय?

एप्रिल ते जून वाटा बंद ठेवा. बोअर आटलेल्या असतात. टँकरचं पाणी भेंडीला घालणं ना शेतकऱ्याला परवडतं ना शोभतं. ज्यांना हवं त्यांच्यासाठी फेब्रुवारीतच वाळवणाची पिशवी करा: वाळलेली गवार, सांडगे, लाल मिरची, लसूण, डाळ. दर तोच, आकडाही ज्याचा त्याचा तोच. पुढची बैठक जूनमध्ये, मृगाच्या आधी. त्या बैठकीला मागच्या हंगामाचा जमाखर्च छापून आणा, शेतकऱ्याच्या घरातल्या मजुरीच्या ओळीसकट.